मेहरुनभाभीची खोळ

टँकर यायच्या आधी वेणूबाईला मोरीत दहा मिनिटं लागायची. घरातल्यांना वाटायचं, पन्नाशीला टेकलेली बाई आहे, तोंड धूत असेल, देवाचं नाव घेत असेल. ती देवाचं नाव घेत नव्हती. मोरीच्या ओल्या फरशीवर पाठ टेकून, पाय भिंतीला लावून ती दोन बोटांनी आपलं बाहेर आलेलं अंग आत ढकलत असायची. सतरा वर्षांची सवय. अंग आत गेलं की श्वास धरून उठायचं, आणि ते पुन्हा खाली यायच्या आत वर खोळ चढवायची.

खोळ म्हणजे जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी. मध्ये पिंजलेल्या कापसाचा थर, चारी कोपऱ्यांना नाड्या. लंगोटासारखी ताणून बांधली की दुपारपर्यंत काम निभायचं. ती शिवून द्यायची खालच्या गल्लीतली मेहरुन. तिच्या नवऱ्याचं, नियाजचं, गाद्यांचं दुकान होतं. कापूस दुकानातला, मशीन मेहरुनचं. बायका तिच्या दारात जाऊन म्हणायच्या, "भाभी, उशीला एक खोळ पाहिजे होती." मेहरुन मान वर न करता विचारायची, "कमर किती?" उशीला कमर नसते हे दोघींना पक्कं ठाऊक असायचं. पण त्याच्या पुढं एक शब्द कुणी बोलायचं नाही. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलं होतं.

वारज्याच्या टेकडीच्या उतारावरची ती वस्ती. खाली डांबरी रस्ता, रस्त्यापासून वेणूबाईच्या दारापर्यंत बासष्ट पायऱ्या, त्याही कुणी एका मापानं बांधलेल्या नाहीत. एक वीतभर उंच, तर एक गुडघ्याएवढी. एप्रिल लागला तसं नळाचं पाणी दिवसाआड झालं, मग तीन दिवसांनी, मग नळानं नुसता वारा सोडायला सुरुवात केली. तेव्हापासून सकाळी सहाला टँकर यायचा. टँकर आला की गल्लीतले पुरुष बनियनवर खाली उतरायचे आणि पाइप धरायचे. पाइप कुणी धरायचा यावरून त्यांची रोज भांडणं व्हायची, आयाबहिणी उद्धरल्या जायच्या. भरलेला हंडा मात्र एकाही पुरुषानं कधी उचलला नव्हता. पाणी मिळवायचं पुरुषानं, वाहायचं बाईनं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते कुणाला खोडताही येत नव्हतं.

त्या दिवशी वेणूबाई मोरीतून बाहेर आली तेव्हा सून, श्रद्धा, लेकीला पाजून उठत होती. बाळंत होऊन चौतीस दिवस झाले होते. पोरगी साडेतीन किलोची. टाके पडलेले. श्रद्धाची आई लहानपणीच गेलेली आणि बाप हिंजवडीकडं वॉचमन, पत्र्याच्या एका खोलीत राहणारा. तिथं बाळंतपणाला पाठवायचं कुठं? म्हणून पहिलटकरीण सासरीच राहिली.

"श्रद्धा, आज दोन खेपा कर माय," वेणूबाई म्हणाली. तिची बोली अजून गावाकडची, वाशीमची. पुण्यात पंधरा वर्षं काढूनही बदलली नव्हती. "माह्या एकटीच्यानं पुरून नाही राहिलं. लेकराचे कपडे, तुह्यं न्हाणं. पाणी लागतेच नं."

"सव्वा महिना व्हायला अजून थोडे दिवस आहेत ना, आई?"

"मी बाराव्या दिवशी स्लॅबवर घमेले उचलले होते. मेली का मी?"

अंथरुणावरून वेणूबाईचा मुलगा साई पुटपुटला, "मम्मी, राहू दे ना तिला." रात्री उशिरापर्यंत पार्सलं पोचवून आलेला. एवढं बोलून त्यानं तोंडावर पांघरूण घेतलं. बायकोची बाजू घेतल्याचं पुण्य पदरात पडलं होतं. आता उठायची काही गरज नव्हती.

श्रद्धानं हंडा घेतला.

पहिली खेप नीट झाली. दुसऱ्या खेपेला वेणूबाई मागं, श्रद्धा पुढं. चाळिसाव्या पायरीशी मोठी पायरी लागते. श्रद्धानं पाय वर टाकला, जोर लावला आणि जागीच थांबली. दोन्ही मांड्या एकमेकींवर आवळून ती उभी राहिली. मागं सात-आठ बायका खोळंबल्या.

"ए नवी नवरी, फोटो काढायला थांबली का गं?" कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

वेणूबाई दोन पायऱ्या खाली होती. तिच्या डोळ्यांसमोर श्रद्धाच्या सलवारीवर मांडीपासून पोटरीपर्यंत एक काळी ओली रेघ उतरत गेली. पाणी असं उतरत नाही. दुसऱ्याच क्षणी श्रद्धानं डोक्यावरचा हंडा मुद्दाम कलता केला. भसाभसा पाणी तिच्या अंगावरून खाली आलं. ओढणी, कुर्ता, सलवार, सगळं एकसारखं ओलं. आता कुठलं पाणी कुठलं, कुणाला कळणार?

वेणूबाईला कळलं. तिनं स्वतः हेच केलं होतं. पुण्यातल्या पंधरा वर्षांत किती वेळा केलं होतं याची गणतीच नव्हती. बांधकामावर, सोसायटीच्या जिन्यात, एकदा तर लग्नाच्या मांडवात हातातला पाण्याचा जग स्वतःवर सांडून. ही युक्ती कुणी कुणाला शिकवत नाही. ज्या बाईवर वेळ येते तिला ती आपोआप सुचते.

पोरीजवळ जावं, हंडा काढून घ्यावा, असं वेणूबाईच्या मनात आलं. आलं होतं, हे तिला पुढं कधी नाकारता आलं नाही. पण मागं बायका उभ्या होत्या, आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं ते हे :

"आंधळी झाली काय व? सारा हंडा सांडला! पाणी काय तुह्या बापानं पाठवलं?"

श्रद्धानं वळून पाहिलं. ओले कपडे पायांना चिकटलेले, तशीच रिकामा हंडा घेऊन वर चढत गेली.

दुपारी वेणूबाई भाकरी थापत असताना श्रद्धा जवळ येऊन बसली. बसली म्हणजे एका कुल्ल्यावर टेकली.

"आई, एक सांगू? खाली जड वाटतंय. काहीतरी उतरल्यासारखं. बसलं की गोळ्यावर बसल्यासारखं होतं. आणि खोकलं, शिंकलं की…"

वेणूबाईचा हात पिठात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला समजलं नाही.

एक वाक्य होतं. 'मलेही होते.' दोनच शब्दांचं. ते तिला तोंडाबाहेर काढता येईना. कारण त्या दोन शब्दांमागं रंगनाथ उभा होता, तिचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या हाताला ते लागलं होतं. तो झटकन बाजूला सरकला होता, विंचू चावल्यासारखा. "हे काय व? तू आता बाई राहिली नाही," असं म्हणून त्यानं आपली गोधडी उचलली आणि दारापाशी नेऊन टाकली. ती आजतागायत दारापाशीच होती. त्यानं कुणाला सांगितलं नाही, तेवढा त्याचा उपकार. डॉक्टरकडं जाऊ म्हणाला नाही. तीन लेकरं याच अंगातून बाहेर आली, दोन जगली नाहीत, तिसरा साई. त्या अंगाची त्याला किळस आली, आणि त्या किळसेवर वेणूबाईचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास बसला.

"बाळंतिणीले असंच होते," ती म्हणाली. "पोटपट्टा ढिला बांधून राहिली तू. आण इकडे."

आणि तिनं पट्टा बांधला. जुन्या लुगड्याचा, हातभर रुंद. श्रद्धाच्या पाठीत गुडघा रोवून, दोन्ही टोकं ओढून तिनं अशी गाठ मारली की पोरीचा श्वास अर्ध्यावर राहिला.

"आई, खाली जास्तच दाबतंय."

"वर ओढून धरते तो. माह्या सासूनं असाच बांधला होता."

सासूनं बांधला होता, हे खरं. त्यानं काय झालं, ते तिनं सांगितलं नाही.

पुढचे दिवस तसेच गेले. पहाटे टँकर, मग वेणूबाई कोथरूडला. एका सोसायटीचे जिने पुसायचं काम तिच्याकडं होतं. दोन विंगा, सहा-सहा मजले. लिफ्ट होती, पण तिच्यात बादली न्यायची नाही असा कागद चिकटवलेला. भरलेली बादली हातात, फडकं खांद्यावर. तिसऱ्या मजल्यानंतर खोळीच्या नाड्या ढिल्या पडायच्या आणि मांड्यांमध्ये घासायला लागायचं. घासून घासून तिथं जखम झाली होती. उन्हाळ्यात घाम लागून ती चरचरायची. चौथ्या मजल्यावरच्या श्यामलाबाई दार उघडून उभ्या राहायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या.

"वेणूबाई, जिना पुसताय की नवस फेडताय? प्रत्येक पायरीला टेकताय म्हणून विचारलं."

"गुडघे दुखतात बाई."

"मग गुडघ्याला हात लावा. तुमचा हात तर ओटीपोटावर असतो."

वेणूबाईनं हात काढला. सगळ्या पुण्यात न सांगता एका बाईला दिसलं, आणि तीही टोमणा मारून दार लावून घेती झाली.

तिकडं श्रद्धा दोन खेपा करत होती. तक्रार करणं तिनं सोडलं होतं. चालताना पाय थोडे फाकवून टाकायची. चाळिसाव्या पायरीला थांबायची नाही. त्याआधीच ओली झालेली असायची, हंड्यातलं पाणी मुठीनं स्वतःवर शिंपून. लेकीला मांडीवर घ्यायचं टाळायची, कुशीवर पडूनच पाजायची. वेणूबाई बघत होती. दिसत नाही असं सोंग घ्यायला सुद्धा बघावं लागतं.

आठवड्यानं, शुक्रवारी, वेणूबाई दोन जुनी लुगडी घेऊन मेहरुनकडं गेली. जखमेमुळं तिला मऊ कापडाची खोळ हवी होती. गाद्यांच्या दुकानामागं मेहरुनची खोली. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. मेहरुन मशीनवर होती, पण मशीन बंद होतं. मांडीवर एक गुलाबी ओढणी होती, घडी घातलेली, न कापलेली.

"भाभी, उशीले दोन खोळी पाहिजे होत्या."

मेहरुननं नेहमीचं विचारलं नाही. म्हणाली, "बसा वेणूबाई. दार लोटून घ्या."

वेणूबाईनं दार लोटलं. बसली. तिनं ती ओढणी ओळखली. श्रद्धाची, डोहाळजेवणाला घेतलेल्या ड्रेसवरची.

"काल दुपारी आली होती तुमची सून," मेहरुन म्हणाली. "पोरगी छातीशी धरून. म्हणाली, भाभी, उशीला खोळ पाहिजे. मी आपलं सवयीनं विचारलं, कमर किती? म्हणाली, सव्वीस." मेहरुननं ओढणीवर हात फिरवला. "सव्वीस कमर, वेणूबाई. तेवीस वर्षांची पोर. या गल्लीच्या अकरा बायकांना मी शिवून देते. कुणी पन्नास, कुणी साठ. तुम्ही माझ्याकडं पहिल्यांदा आलात तेव्हा चाळिशीच्या होतात, तर मी रात्री नियाजला म्हटलं होतं, किती लवकर आली ही बाई. आता हिला काय म्हणू? माझी कात्री उचलेना."

"तिले कोणी सांगितलं खोळीचं?" वेणूबाईच्या तोंडून भलताच प्रश्न आला.

"मोरीत वाळत घालता ना तुम्ही? परकराखाली लपवून. घरातल्या पोरींना सगळं दिसतं."

बाहेर दुकानात नियाज कुणाशी तरी गादीच्या मापावरून घासाघीस करत होता. वेणूबाई आपल्या लुगड्यांची घडी मोडत होती, परत घालत होती.

"मी पण कमी गुन्हेगार नाही," मेहरुन म्हणाली. "माझी भाची आहे, उम्मेहानी. सदाशिव पेठेत एका दवाखान्यात आहे. बायकांना यावरचेच व्यायाम शिकवते, दिवसभर हेच काम. ती मला दोन वर्षं सांगतेय, खाला, शिवू नका, पाठवा माझ्याकडं. तुम्ही खोळ देता म्हणून त्या अजून वजन उचलतात. मी म्हणायचे, बाई गं, त्या अब्रूला भिऊन मरतील पण येणार नाहीत. आणि शिवत राहिले. वाटायचं, तेवढीच मदत." तिनं मशीनच्या खणातून एक कार्ड काढून वेणूबाईच्या हातावर ठेवलं. "तिची खोळ मी शिवणार नाही. तुमच्याही नाही. शिव्या द्या पाहिजे तर."

वेणूबाईनं शिव्या दिल्या नाहीत. उठताना तिनं जमिनीवर हात टेकला, मग भिंतीवर, मग मेहरुनच्या खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टँकर आला. रंगनाथ खाली पाइप धरून उभा. एका गोदामाच्या गेटवर बसायची त्याची नोकरी, तिथं त्याला कुणी विचारत नव्हतं. पाइप हातात आला की मात्र त्याच्या आवाजाला धार चढायची. श्रद्धानं हंडा भरला आणि चुंबळ डोक्यावर ठेवायला वाकली.

"ठेव तो खाली," वेणूबाई म्हणाली.

श्रद्धा थबकली. "सांडणार नाही आज, आई."

वेणूबाईनं तिच्या हातातली चुंबळ काढून घेतली. "ठेव म्हणते नं! घरी जाय. लेकराजवळ जाऊन पड."

"मग पाणी कोण भरन?" रंगनाथनं पाइप न सोडता विचारलं.

"तुम्ही."

"काय?"

"तुम्ही आन् साई. दोघं धडधाकट माणसं आहात घरात. उचला."

रांगेत खसखस पिकली. पलीकडं पाइपाला हात लावून उभा असलेला कोंडीराम म्हणाला, "रंगनाथराव, घ्या, चुंबळ घ्या! लुगडं पण आणून देऊ का?"

रंगनाथचा चेहरा काळाठिक्कर पडला. "सकाळी सकाळी तमाशा नको करू, वेणू. काय झालं काय त्या पोरीले? बायका काय पहिल्यांदा बाळंत होऊन राहिल्या?"

"काय झालं ते तुम्हाले माहीत आहे," वेणूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. उलट उतरला होता, त्यामुळं सगळे ऐकायला लागले. "नऊ वर्षांपासून माहीत आहे. माह्यं अंग बाहेर येते. सतरा वर्षं झाले. रोज सकाळी हातानं आत ढकलते आन् मग तुमचं पाणी भरते. आता हिचं उतरून राहिलं. ऐकलं सगळ्यांनी? काय रे कोंडीराम, लुगडं आणतो म्हणत होता नं? आण. तुह्या बायकोचं आण. तिलेही विचार ती कायले पाय घासत चालते."

कोंडीरामची बायको रांगेतच होती. तिनं मान खाली घातली. एकही बाई हसली नाही. पाइप कुणाच्याच हातात राहिला नाही, तो सापासारखा रस्त्यावर पडला आणि पाणी उतारानं वाहून जायला लागलं. पाण्याला अडवायचं भान अर्धा मिनिट कुणालाच राहिलं नाही.

रंगनाथनं हंडा उचलला. आदरानं नव्हे, कळवळ्यानं तर नाहीच. तिथून तोंड घेऊन जायचं तर हातात काहीतरी हवं होतं म्हणून उचलला. डोक्यावर त्याला तो तोलता येईना. खांद्यावर घेतला. अर्धा सांडत, शिव्या देत तो पायऱ्या चढत गेला. चाळिसाव्या पायरीला तोही थांबला.

श्रद्धा भिंतीशी उभी होती. सासूकडं पाहत होती. त्या नजरेत आभार नव्हते.

सोमवारी दोघी सदाशिव पेठेत गेल्या, पोर घेऊन. एका जुन्या इमारतीचा पहिला मजला. पाटीवर डॉक्टर अस्मिता यांचं नाव. डॉक्टरीणबाईंनी आधी श्रद्धाला तपासलं. म्हणाल्या, गर्भाशय थोडंसं उतरलंय, सुरुवातीचं आहे, बाळंतपणानं स्नायू ढिले पडलेत. वजन उचलायचं नाही, कुंथायचं नाही, पोटपट्टा आजच सोडायचा. "वरून आवळलं की आतलं सगळं खाली ढकललं जातं. टूथपेस्टची ट्यूब मधे दाबल्यासारखं. कुणी बांधला एवढा करकचून?"

वेणूबाई म्हणाली, "मी."

मग वेणूबाईची पाळी. टेबलावर चढायला तिला वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी खोळीच्या नाड्या स्वतः सोडल्या, खोळ हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. जखम साफ केली. आधी मलमानं ती भरून येऊ द्यायची, मग आत एक मऊ रबरासारखी रिंग बसवायची, ती अंग वर तोलून धरेल. दर तीन महिन्यांनी येऊन काढून धुऊन घ्यायची. नाहीतर ऑपरेशन. ते पुढं ठरवू.

"किती वर्षं म्हणालात?"

"सतरा."

"पहिल्या वर्षी आला असतात तर कदाचित नुसत्या व्यायामानं भागलं असतं." डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाल्या. त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. रागानं म्हटलं असतं तर सोसलं असतं.

शेजारच्या खोलीत उम्मेहानीनं श्रद्धाला व्यायाम शिकवला. निळा कोट, डोक्याला स्कार्फ, जीभ पुण्याची. "लघवी मधेच रोखून धरल्यासारखं आवळायचं. समजण्यापुरतं सांगते हां, लघवीला बसून करत नका बसू. पोट नाही आवळायचं, श्वास नाही रोखायचा. आवळा, धरा, सोडा. सोडणं पण तितकंच महत्त्वाचं, नाहीतर आयुष्यभर आवळून बसाल. रोज तीनदा, तीन महिने. मी मोबाईलवर रेकॉर्ड करून देते, विसरायचं निमित्त नको." मग वेणूबाईकडं वळून, "मावशी, तुम्ही पण करायचा. उशीर झालाय, पण बंदी नाहीये."

टिळक रस्त्यावर वारज्याची बस मिळाली. बायकांच्या सीटवर दोघी. पोर वेणूबाईच्या मांडीवर झोपलेली. बसनं नदीचा पूल ओलांडला. मग श्रद्धानं खिडकीबाहेर बघतच विचारलं,

"त्या दिवशी मी पायरीवर हंडा अंगावर ओतला. तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

खोटं बोलायला जागा होती. वेणूबाईनं सतरा वर्षं त्याच जागेत संसार केला होता.

"हो," ती म्हणाली.

"पट्टा बांधलात तेव्हा पण?"

"हो माय."

श्रद्धानं मान हलवली. जणू दुकानदारानं भाव सांगितला आणि तिला तो आधीच ठाऊक होता. "मी समजत होते, तुम्हाला माहीत नाही. अडाणी आहेत, जुन्या आहेत, म्हणून करतात. त्यावर मी स्वतःची समजूत घालत होते." तिनं हात पुढं केले. "द्या तिला माझ्याकडं."

वेणूबाईनं पोर दिली. मांडी एकदम हलकी झाली. डोक्यावरचा हंडा उतरल्यावर यायचा तो हा हलकेपणा नव्हता.

घरी आल्यावर श्रद्धानं पट्ट्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. वेणूबाई पुढं झाली, तर ती बाजूला सरकली आणि कात्री घेऊन तिनं ती कापली.

त्यानंतर पाणी साई भरायला लागला. पहिले चार दिवस कानात वायरी खुपसून, कुणाचे टोमणे ऐकू येऊ नयेत म्हणून. रंगनाथ दोन कॅन आणायचा, रोज कुरकुरायचा, रोज आणायचा. गल्लीतल्या बाकीच्या घरांत हंडे अजून बायकांच्याच डोक्यावर होते. फक्त कोंडीरामची बायको एका दुपारी येऊन दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "वेणूबाई, ते कार्ड जरा बघायला देता का?" कार्ड घेऊन पदराखाली लपवून गेली.

वेणूबाईनं उरलेल्या खोळी धुतल्या. परकराखाली नाही, गल्लीकडच्या तारेवर उघड्या उन्हात वाळत घातल्या. जाणाऱ्यायेणाऱ्यानं बघावं अशा. रंगनाथ म्हणाला, "लोक बघून राहिले." ती म्हणाली, "बघू द्या. तुम्हीही बघा एकदा." तो आत निघून गेला.

श्रद्धा कामापुरतं बोलायची. आधी 'आई' म्हणायची, आता वाक्य सरळ सुरू करायची, 'भाजीत मीठ नाहीये', 'सिलिंडर संपलाय'. वेणूबाईनं तक्रार केली नाही. कुणाकडं करणार? बाळंतिणीच्या विश्रांतीचा सव्वा महिना. सगळ्या हिशेबाच्या तळाशी तेवढंच होतं. तिला कुणी दिला नाही, म्हणून तिनंही दिला नाही. जणू तो तिच्या गाठोड्यातून जाणार होता.

रोज दुपारी चारला श्रद्धा चटई टाकून आतल्या बाजूला पडायची, गुडघे दुमडून. पोर शेजारी. मोबाईलमधून उम्मेहानीचा आवाज यायचा. आवळा. धरा. सोडा. वेणूबाई उंबऱ्याबाहेर तांदूळ निवडत बसायची. एके दिवशी तिनं सूप बाजूला ठेवलं, भिंतीला पाठ टेकली आणि आतल्या आवाजाबरोबर आवळून पाहिलं. काही जाणवलं नाही. दुसऱ्यांदा काहीतरी हललं, फार खोल, एखादं मेलेलं समजलेलं जनावर कान हलवतं तेवढंच. तिसऱ्यांदा बाहेरून भंगारवाला ओरडत गेला आणि तिचा ठेका चुकला.

आतून श्रद्धानं पाहिलं असावं. दार अर्धं उघडं होतं. तिनं हाक मारली नाही, या म्हणाली नाही, बूड सरकवून चटईवर जागा केली नाही.

फक्त मोबाईलचा आवाज तेवढा वाढला.